शेती हवी, शेतकरी नको: सोलापूरच्या नवरदेव मोर्चामागचे एक प्रकरण

२१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापूर शहरात एक वरात निघाली. डोक्याला फेटे, कपाळावर मुंडावळ्या, काहीजण घोड्यावर आणि पुढे वाजणारा बँड, असे वरातीत असावे ते सारे तिच्यात होते. नवरी तेवढी नव्हती. ही वरात मंगल कार्यालयाकडे न वळता जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली. ज्योती क्रांती परिषद या संघटनेने मोहोळचे रमेश बारसकर यांच्या पुढाकाराने हा मोर्चा काढला होता. लग्नाचे वय होऊनही, किंवा ते उलटून चालले तरी, मुली मिळत नाहीत, त्यामुळे शासनाने यात लक्ष घालावे आणि गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची कडक अंमलबजावणी करावी, असे निवेदन या तरुणांनी दिले.

बातमी देशभर गेली आणि बहुतेकांनी ती हसण्यावारी नेली. मला हसू आले नाही. मी गेली बावीस वर्षे याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, आणि दिवाळीनंतर आमच्याकडे भरणाऱ्या वधू-वर मेळाव्यात गेली काही वर्षे नोंदणीच्या टेबलावर बसते. मोर्चातल्या तरुणांसारखी मुले माझ्या वर्गात बसून गेली आहेत, आणि ज्या मुली ‘मिळत नाहीत’ म्हणून ते निवेदन दिले गेले, त्याही त्याच वर्गात, खिडकीकडच्या बाकांवर बसून गेल्या आहेत. दोन्ही बाजू ओळखीच्या असल्यामुळे हे प्रकरण नीट मांडून ठेवावे असे फार दिवस मनात होते. यातल्या खासगी प्रसंगांतले ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

या प्रश्नाची दोन उत्तरे आमच्या भागात पारावर आणि चहाच्या टपरीवर तयार मिळतात. पहिले, ‘पोटातच पोरी मारल्या, आता कुठून मिळणार?’ दुसरे, ‘मोबाइलने पोरींची डोकी फिरवली, सगळ्यांना पुण्याचाच नवरा पाहिजे.’ पहिल्या उत्तरात बरेच तथ्य आहे, पण ते पुरे पडत नाही. दुसऱ्या उत्तरात बाहेरच्या जगाच्या परिणामाची जाणीव आहे, पण त्या परिणामाचा अर्थ माझ्या मते चुकीचा लावलेला आहे.

आकडे काय सांगतात

शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. जवळच्या बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये हा आकडा ८०७ वर आला होता. निसर्गतः हजार मुलांमागे साधारण ९५० मुली जन्माला येतात, हे धरून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. १९९१ मध्ये जी मुले शून्य ते सहा वर्षांची होती, ती मोर्चाच्या वेळी एकतीस ते सदतीस वर्षांची झाली होती. त्यांच्या पिढीत मुलींची घट अजून फारशी झालेली नव्हती. तरीही लग्नावाचून राहिलेल्यांमध्ये ही पस्तिशीच्या आसपासची मुलेच पुढे दिसतात.

याचे एक कारण वयातल्या अंतरात आहे. आपल्याकडे मुलगा आपल्यापेक्षा चार-सहा वर्षांनी लहान मुलगी शोधतो. महाराष्ट्रात एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या १९९२-९३ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत २.८६ होती, ती २०१९-२१ च्या पाहणीत १.७ पर्यंत खाली आली. घरटी मुले कमी होत गेली की नंतरच्या वर्षांत जन्मणाऱ्यांची संख्या वाढायची थांबते आणि पुढे घटू लागते. अशा वेळी प्रत्येकजण आपल्यामागून जन्मलेल्या पिढीत जोडीदार शोधत असेल, तर एकही गर्भपात झाला नसता तरी मुली कमीच पडल्या असत्या. त्यावर गर्भलिंगनिदानाची घट येऊन बसली. महाराष्ट्राने १९८८ सालीच, देशात सर्वांत आधी, याविरुद्ध कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यानंतरही आकडा घसरतच गेला. २०११ मध्ये मोजलेली मुले मोर्चाच्या दिवशी अकरा ते सतरा वर्षांची होती, म्हणजे ज्या पिढीत घट सर्वांत मोठी आहे तिची लग्ने अजून व्हायचीच होती. मोर्चातल्या मागणीचा हा भाग मला म्हणूनच मनापासून पटतो.

पण तुटवडा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. हिंजवडीत कायम नोकरी असलेल्या चौतीस वर्षांच्या मुलाचे लग्न आजही ठरते, आणि त्याच गावातल्या, त्याच भावकीतल्या, सहा एकर बागायत असलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलाचे ठरत नाही. कोणाला आधी आणि कोणाला शेवटी विचारायचे, हे जनगणना ठरवत नाही. ती क्रमवारी घराघरांत ठरते, आणि गेल्या तीस वर्षांत ती पार उलटली आहे.

उलटलेली क्रमवारी

माझ्या आईचे लग्न ठरले तेव्हा आजोबांनी चार गोष्टी विचारल्या होत्या: किती एकर, विहिरीला पाणी कुठवर टिकते, घरात भाऊ किती आणि मुलाला व्यसन काय. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, ही म्हण त्या काळी स्थळ पाहण्याचा नियमच होती. आज मेळाव्यात मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, ‘कुठे असतो?’ ‘असतो’ म्हणजे नोकरीला कुठे आहे. दुसरा प्रश्न पगाराचा आणि तिसरा फ्लॅटचा. शेतीचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले तर तेही चालत नाही. गावाकडे चार एकर असावी, पण मुलगा पुण्यात असावा. ‘शेती हवी, शेतकरी नको’ हे वाक्य आमच्याकडे आता कोणी रागाने म्हणत नाही, नेहमीचा व्यवहार सांगावा तसे म्हणतात.

हे एका रात्रीत घडलेले नाही. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, ती २०१५-१६ पर्यंत १.३४ हेक्टर उरली. वाटण्या होत गेल्या. १९९१ नंतर बाजार खुला झाला, आणि सोलापूर जिल्ह्याने त्याला उत्तरही दिले. उजनीच्या पाण्यावर ऊस वाढला, सांगोल्याकडच्या माळरानावर डाळिंब उभे राहिले. ते परदेशांत जाऊ लागले आणि २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. माल जगात पोहोचला, पण तो पिकवणाऱ्याला उद्याची खात्री मिळाली नाही. तेल्या रोगाने आणि मर रोगाने बागाच्या बागा उपटाव्या लागल्या. मोर्चाला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा आणला. रुपया किलोने तो विकला गेला, आणि हमाली, तोलाई, वाहतूक कापून हाती आला तो दोन रुपयांचा धनादेश. त्या धनादेशाचे छायाचित्र राज्यभर फिरले. उपवर मुलींच्या बापांनीही ते पाहिले.

दुसरीकडे मुली शिकत गेल्या. गावातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळू लागला, तो आधी दहावीपर्यंत होता आणि पुढे बारावीपर्यंत झाला. आमच्या कॉलेजचा निम्मा पट त्या पासवर उभा आहे, असे मी म्हणते ते अनुभवाने. १९९२ मध्ये झी टीव्ही आली, १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, आणि शहरातली घरे, स्वयंपाकघरे, नवरा-बायकोंची भांडणे आणि मनधरण्या गावातल्या ओसरीवर रोज संध्याकाळी दिसू लागल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि इंटरनेट इतके स्वस्त झाले की घरात एक जुना मोबाइल मुलीच्या हाती आला. तिने त्यात काय पाहिले, याविषयी आमच्या गावात फार बोलले जाते. माझ्या निरीक्षणाप्रमाणे तिने प्रामुख्याने इतर मुली पाहिल्या. बंगळुरूत नोकरी करणारी मामेबहीण, कॅनडात गेलेली मैत्रिणीची वहिनी, स्कूटीवर ऑफिसला जाणारी आणि पगाराच्या दिवशी आईला साडी पाठवणारी. तुलना करायला तिच्याजवळ पूर्वी फक्त शेजारचे घर होते. आता सारे जग आले.

सांस्कृतिक जागतिकीकरण म्हणजे परदेशी कपडे आणि परदेशी गाणी एवढेच समजले, तर या बदलाचे मर्म निसटते. आमच्या मुलींनी कोणत्याही परक्या देशातल्या विवाहाची नक्कल केलेली नाही. त्यांनी बाहेरून एक माप घेतले आणि ते आपल्या आईच्या आयुष्याला लावून पाहिले.

एका मुलीची गोष्ट

ती माझ्या वर्गात वाणिज्य शाखेला होती. वडिलांची पाच एकर, त्यात दोन एकर ऊस, बाकी ज्वारी आणि कांदा. बारावीनंतर पदवी झाली, आणि लगेच स्थळे सुरू झाली. पहिल्या दोन वर्षांत पाहण्याचे नऊ कार्यक्रम झाले. नवव्यानंतर तिचे वडील माझ्याकडे आले. मुलगा चांगला होता, निर्व्यसनी होता, ठिबकवर बाग होती, घर आरसीसीचे होते, पत्रिकेत चोवीस गुण जुळत होते. ‘मॅडम, पोरगी तुमचं ऐकंल. आता किती नाही म्हणावं माणसानं?’

मी तिला बोलावून घेतले. ती माझ्यासमोर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, ‘मॅडम, आमच्या आईच्या नावावर काय आहे, सांगा बरं.’ मला उत्तर सुचले नाही. तीच म्हणाली, ‘रेशनकार्ड. ते पण सरकारनं बाईचं नाव वर घालायला लावलं म्हणून. सातबाऱ्यावर कुठंच नाही. रोज पहाटे उठून धार काढती, दिवसभर रानात असती, आणि बियाणं आणायला पैसे पाहिजे असले तर दादांना मागती. मी त्या घरात गेले तर तेच करणार ना? बाग त्यांची, मी नुसती राबायला.’ थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, ‘नोकरीवाला मुलगा म्हणजे देव नाही, हे मला कळतंय. पण तिथं गेले तर मला पण नोकरी करता येईल.’

हे संभाषण मी माझ्या वहीत त्याच संध्याकाळी उतरवून ठेवले, कारण या प्रकरणाचा गाभा मला त्यात सापडला. जिला लोक ‘पुण्याच्या नादाची’ म्हणत होते, ती मुलगी मालमत्तेचा हिशेब मांडत होती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा दिला, आणि २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. पण आमच्या भागात लग्न झालेल्या मुली तलाठ्याकडे किंवा दुय्यम निबंधकाकडे जाऊन हक्कसोड करून देतात, तेही बहुधा भाऊबीजेच्या आगेमागे, आणि जी करून देत नाही तिचे माहेर तुटते. म्हणजे जी जमीन तिच्या जन्मघरात आहे ती तिने सोडायची, आणि जी सासरी आहे ती सासऱ्याच्या, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या नावावर होत राहणार. या दोन्ही घरांत तिच्या मालकीचे असे तिचे स्वतःचे शिक्षण तेवढे उरते. ते जिथे वापरता येईल तिथला नवरा ती मागते.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला हे चाळीस वर्षांपूर्वी दिसले होते. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांना आवाहन केले गेले की घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करून द्या. अनेक गावांनी ते केलेही. त्या चळवळीचा धागा पुढे तुटला नसता तर आजच्या मेळाव्यातल्या माहितीपत्रकांवर काय लिहिलेले असते, असा विचार माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो.

मुलीने ते नववे स्थळही नाकारले. ती पुण्याला गेली, चाकणच्या एका कंपनीत लेखा विभागात लागली, तिघी मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहू लागली. घरी येताना ती आईसाठी काहीतरी आणते आणि वडिलांच्या हातात पैसे ठेवते. वडिलांचा राग हळूहळू निवला. ‘बसल्याजागी पोरीचं वय वाढतंय’ ही काळजी मात्र गेली नाही.

माहितीपत्रक

मेळाव्यातल्या टेबलावर माझ्या हातातून गेलेली माहितीपत्रके, ज्यांना सगळे बायोडेटाच म्हणतात, हा या बदलाचा सर्वांत विश्वासार्ह दस्तऐवज आहे. वर गणपती, खाली ‘श्री गणेशाय नमः’. मग नाव, जन्मवेळ, रास, नक्षत्र, नाडी, गण, देवक, उंची, वर्ण. मग मामाचे गाव आणि नातेसंबंधांत दहा-बारा आडनावे, ज्यावरून कुळ आणि पाहुणे ताडायचे. इथपर्यंतचा कागद तीस वर्षांपूर्वीचा आणि आजचा शेजारी ठेवला तर फरक सापडत नाही. फरक त्याखाली आहे. पूर्वी ‘शेती: ८ एकर बागायत’ हे ठळक असे. आता तिथे ‘पॅकेज’ असा रकाना आहे, ‘पुणे येथे स्वतःचा फ्लॅट’ आहे, आणि शेती सर्वांत शेवटच्या ओळीत गेली आहे.

सर्वांत खाली ‘अपेक्षा’. मुलींच्या कागदावर ‘नोकरदार, निर्व्यसनी, पुणे-मुंबई’. मुलांच्या कागदावर ‘सुशील, सुसंस्कृत, घरकामाची व शेतीची आवड असणारी’. या दोन ओळी एकमेकींना भेटत नाहीत, आणि टेबलावर बसून मी दर वर्षी ते पाहते. मुलीला शेतीची ‘आवड’ असावी अशी अपेक्षा आहे. त्या शेतीत तिचा वाटा काय, हे सांगणारा एकही कागद मी पाहिलेला नाही.

या कागदाला फसवायलाही मुले शिकली आहेत, आणि त्यात मला त्यांची अगतिकता दिसते. शेतीत चांगला रमलेला मुलगा लग्नापुरता पुण्याला जातो, ठेकेदारामार्फत कारखान्यात लागतो, आठ-दहा जणांच्या खोलीत राहतो आणि कागदावर ‘खासगी कंपनीत नोकरी’ असे लिहितो. लग्न झाले की वर्षा-दोन वर्षांत गावी परततो. मुलीला फसवले गेल्याची भावना येते, मुलाला आपल्या खऱ्या कामाची लाज वाटत राहते, आणि संसाराची सुरुवातच एका खोट्या ओळीवर होते.

जात मात्र हलली नाही. आमच्या मेळाव्याच्या अर्जावर ‘आंतरजातीय चालेल का?’ असा प्रश्न आहे. तो रकाना बहुतेक जण कोरा सोडतात. हे केवळ आमच्या तालुक्याचे वैशिष्ट्य नाही. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशभरात सुमारे पाच टक्केच विवाह जातीबाहेर झालेले आढळले होते. राज्य शासन ठरावीक प्रवर्गांतल्या आंतरजातीय विवाहांना पन्नास हजार रुपये प्रोत्साहन देते, पण त्याने अर्जावरचा रकाना भरत नाही. नवे तंत्रही याच बाजूने उभे राहिले. विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर जगातल्या कुठल्याही शहरातला मुलगा शोधता येतो, आणि पहिल्याच पानावर जात आणि पोटजात निवडण्याची सोय असते. मध्यस्थ काका निदान एखादे वेळी म्हणत, ‘घर बघा हो, एवढं काय बघताय.’ संगणकाला तसे म्हणता येत नाही.

एक गोष्ट मात्र अनपेक्षितपणे मोकळी झाली, आणि तिचे श्रेय मी लग्नाआधीच्या छायाचित्रणाला देते. मुंबईच्या श्रीमंत घरांतून आणि पडद्यावरून आलेली ही पद्धत आता वस्तीवरच्या लग्नातही पोहोचली आहे. साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये मुलगा-मुलगी एक दिवस छायाचित्रकाराबरोबर महाबळेश्वरला किंवा एखाद्या धरणावर जातात. काही समाजांच्या संघटनांनी याविरुद्ध ठराव केले, आणि खर्चाचा मुद्दा खराही आहे. पण ज्या घरांत साखरपुड्यानंतर मुलाचा फोन आला तरी आई दाराशी उभी राहून ऐकत असे, तिथे आता दोघांना एक अख्खा दिवस मिळतो. माझ्या एका विद्यार्थिनीला त्याच दिवशी कळले की मुलगा ड्रायव्हरशी फार वाईट बोलतो. तिने लग्न मोडले नाही. पण आपण कोणाशी लग्न करतो आहोत हे माहीत असताना केले, असे ती म्हणते.

जिथे हे जग पोहोचले नाही

मोर्चातल्या मागणीने आणि मुलींच्या नकारांनी असे चित्र उभे राहते, की आता सगळी सत्ता मुलींच्या हाती आहे. ते खरे नाही. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. आमच्याच तालुक्यातल्या कारखान्यांना ऊस तोडायला मराठवाड्यातून टोळ्या येतात. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यामागे. बायको नसेल तर अर्धा कोयता. अशा घरात सोळा वर्षांच्या मुलीचे लग्न लावण्यामागे कोणताही मोबाइल नसतो. ज्या फडात तो ऊस तोडला जातो, त्याच फडाच्या मालकाच्या मुलाला शिकलेली मुलगी मिळत नाही. एका बांधाच्या दोन बाजूंना ही दोन वास्तवे राहतात.

ज्यांना इथे मुली मिळत नाहीत, त्यांच्यासाठी दूरच्या गरीब भागांतून मुली ‘आणून देणारे’ दलालही उभे राहिले आहेत. त्यात पैसे घेऊन लग्न लावायचे आणि चार दिवसांत मुलगी दागिन्यांसह नाहीशी व्हायची, असे गुन्हे पोलिसांत नोंदले गेले आहेत; आणि ज्या मुली खरोखर येतात त्यांना इथली भाषा येत नाही, जवळ माहेर नाही, आणि नकाराची सोयही नाही. दक्षिण कोरियात खेड्यांतल्या मुली शहरांत गेल्यावर नेमके हेच घडले. २००५ च्या सुमारास तिथे शेती आणि मासेमारी करणाऱ्या पुरुषांच्या दर तीन लग्नांपैकी एकाहून अधिक लग्ने परदेशी, मुख्यतः व्हिएतनामच्या, मुलींशी होत होती. शेजारच्या कर्नाटकात, मंड्याकडच्या अविवाहित शेतकरी तरुणांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये महादेश्वराच्या डोंगरापर्यंत पदयात्रा काढली, तेव्हा सोलापूरचे तरुण एकटे नाहीत हे दिसून आले. पदयात्रेने देवाला आणि मोर्चाने जिल्हाधिकाऱ्यांना गाऱ्हाणे घातले. मुलींना काय हवे, हे विचारणारे निवेदन अजून कोणी काढलेले नाही.

पुढे काय झाले

चाकणला गेलेली ती मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत ती मला भेटायला आली. तिच्याच कंपनीत लातूरकडचा एक मुलगा आहे. जात वेगळी आहे. दोघांचे ठरल्यासारखे आहे, पण घरी सांगितलेले नाही. ‘स्थळ आलं की मी काहीतरी खोट काढते, मॅडम. आतापर्यंत नाही म्हणणं तेवढंच माझ्या हातात होतं. हो म्हणायचं कसं, ते कुणी शिकवलं नाही.’ तिला मी काही सल्ला दिला नाही. वडिलांशी बोलशील तेव्हा मला बरोबर घेऊन जा, एवढेच सांगितले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मेळाव्याची नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिचे वडील माझ्या टेबलासमोर उभे होते. त्यांनी तिचा अर्ज भरून आणला होता. अपेक्षेच्या रकान्यात ‘नोकरदार, पुणे, स्वजातीय’ असे त्यांच्या हातचे अक्षर होते. मी पावती फाडून त्यांना दिली. मला जे माहीत होते ते सांगण्याचा अधिकार माझा नव्हता, पण त्या पावतीवर सही करताना माझा हात अडखळला हे मी नाकारत नाही.

नोंदणीआधीच्या बैठकीत मी मेळाव्याच्या समितीकडे एक मागणी लावून धरली होती. मुलांच्या अर्जात एक ओळ वाढवावी: ‘विवाहानंतर पत्नीच्या नावे जमीन करण्याची तयारी: आहे / नाही’. दोघा ज्येष्ठांनी विरोध केला, ‘असल्याने आहेत ती स्थळं पण पळतील’ असे म्हटले. शेवटी एका वर्षापुरती ओळ ठेवायचे ठरले.

नोंदणीच्या पहिल्याच दिवशी माझा एक जुना विद्यार्थी आला. एकतीस वर्षांचा, चार एकर डाळिंब, रात्रीच्या लाइटला मोटार चालू करायला स्वतः जाणारा, अतिशय कष्टाळू मुलगा. तीन वर्षे मेळाव्याला येतो आहे. अर्ज भरत भरत तो त्या ओळीवर थांबला. ‘मॅडम, हे कशासाठी?’ मी त्याला सांगितले, जसे इथे सांगितले तसेच, थोड्या शब्दांत. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग ‘वडलांना विचारून येतो’ म्हणून मोबाइल घेऊन बाहेर गेला. मंडपाबाहेर तो बराच वेळ बोलत होता. एक हात कमरेवर, मान खाली. परत आला, खुर्चीवर बसला, पेन उचलले आणि ती ओळ तशीच सोडून खाली सही केली. नोंदणीची फी दिली, आणि मुलींचे कागद कोणत्या टेबलावर आहेत ते विचारले.